पोथीतले कागद

"नलू, छापखाना मागाहून. आधी कोंडिबाला वाचून दाखव. ज्याचं सोसणं, त्यानं मान डोलवल्याखेरीज माझी ओळही छापायची नाही."

श्रीपादरावांना धरून नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळचं हे बोलणं. नलू "हो" म्हणाली होती. लढाईचं ते दुसरं वर्ष. शेतकऱ्यांच्या सभा भरवणारी, वेठीवर लिहिणारी माणसं सरकार वेचून उचलत होतं. झडतीला आलेल्या हवालदारानं कपाटातली पुस्तकं खाली ओढली, पण कमरेला चामड्याचा पट्टा म्हणून देव्हाऱ्यातल्या पोथीला काही हात लावला नाही. कागद त्याच पोथीच्या रुमालात होते.

तेव्हापासून देव न मानणाऱ्या माणसाच्या लिखाणाला रोज हळदकुंकू लागत होतं. घरी असते तर किती हसले असते! त्या हसण्यासाठीच नलूचा जीव झुरत होता. आषाढीला तिनं नेम धरला होता, 'कार्तिकीपर्यंत भोरची शीव ओलांडणार नाही, देवा. तेवढं माझं माणूस घरी आण.'

भाद्रपदातल्या बाजाराला पालीहून कोंडिबाची सगुणाबाई आली. ओसरीवर टेकत म्हणाली, "वयनी, म्हातारा हातरुणाला खिळलाय. साहेबाचं ओझं वाहून गडाखाली पडला ती समदी हकिकत दादांनी लिवून घेतली व्हती न्हवं? ती ऐकल्याबिगर मरायचा न्हाई म्हन्तो."

"असं नका बोलू."

"म्या म्हनलं, मग वाचूच नगा कुनी, चार वर्सं आनखी जगशील!" ती हसली आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. "अन्न सुटलंय. आटवडा काडंल का न्हाई, ठावं न्हाई."

"तुमच्याजवळ कागद दिले तर?"

"द्याल. पर वाचायचं कुनी? गावात वाचनारा येकच, पाटलाचा कारकून. त्यानंच म्हाताऱ्याला वेठीला धाडलं व्हतं."

कार्तिकी दोन महिन्यांवर होती. नेम मोडला आणि ते आलेच नाहीत, तर? जन्मभर स्वतःलाच बोल लावत बसावं लागेल. आणि आले, दारातच विचारलं, "कोंडिबा काय म्हणाला गं?" तर?

पहाटे न्हाऊन तिनं पोथीचा रुमाल सोडला. कागदांच्या कडा कुंकवानं तांबूस झाल्या होत्या. ते तिनं ओच्यात घट्ट खोवले, देवापुढं बेलाचं पान ठेवलं.

"रागवायचं तर माझ्यावर रागव," ती हळूच म्हणाली. "त्यांना तेवढं आण."

शिवेवरच्या म्हसोबापाशी सगुणाबाई थांबली. "वयनी, तुमचा नेम हाय म्हनं? बाजारात बाया बोलत व्हत्या."

"होता," नलू म्हणाली. ज्या वाटेनं त्यांना नेलं होतं, तिच्याकडे एकदा वळून पाहिलं. मग पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ती दगडापलीकडे उतरली.

"चला. ऊन व्हायच्या आत खिंड गाठू."