आंबट मातीतलं नाणं

डेस्मंड क्वार्मबी सरांनी स्केल्डबीच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि सप्टेंबरातल्या एका दुपारी, जेमतेम अर्ध्या मिनिटात, त्यातला मातीचा धडा तेवढा विसरले.

निवृत्त झाल्यावर सर गावच्या शोधक मंडळात दाखल झाले होते. हे मंडळ म्हणजे दर रविवारी कानाला हेडफोन लावून, हातात धातू हुडकायचं यंत्र घेऊन, कुणातरी शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात मान खाली घालून हिंडणारी वीसेक प्रौढ माणसं. ती घरी नसली की त्यांच्या बायकांना बरं वाटतं असा एक समज आहे. तो खरा आहे.

अकरा वर्षांत सरांना सापडलं ते असं: बाटल्यांची झाकणं, विजारीची बटणं, ट्रॅक्टरचे बोल्ट आणि एक चमचा. चमच्यावर रेल्वेचं नाव होतं. घरी मात्र त्यांच्याकडे महॉगनीचं एक कपाट होतं. त्याच्या प्रत्येक खणात हिरवं बनातीचं कापड, कापडात गोल भोकं, भोकांत रोमन नाणी. एकूण एकशे चाळीस. प्रत्येकाखाली सरांच्या बारीक अक्षरातली गोल चिठ्ठी: सम्राट कोण, टांकसाळ कुठली, घेतलं कुणाकडून आणि कधी. सगळी विकत घेतलेली. मंडळात विकतच्या नाण्याला काडीची किंमत नाही. हात भाजून रांधणाऱ्यांच्या पंगतीत हॉटेलातून डबा आणणाऱ्याला जो मान, तोच.

सप्टेंबरातल्या त्या दुपारी सरांच्या खिशात प्रोबस होता. म्हणजे प्रोबस सम्राटाचं नाणं. तिसऱ्या शतकात रोमची तिजोरी खंगली तेव्हा टांकसाळीने नाणी तांब्याची पाडून वरून चांदीचा हात फिरवायला सुरुवात केली. बाहेरून चांदी, आतून तांबं आणि वर सम्राटाचा निर्धास्त चेहरा. सरकारी धोरणाचं इतकं प्रामाणिक चित्र पुढे कुणी काढलं नाही. अशा बहुतेक नाण्यांचा मुलामा केव्हाच उडून गेला आहे. सरांच्या प्रोबसचा शाबूत होता. मागच्या बाजूला चार घोड्यांच्या रथात सूर्यदेव, आणि घोड्यांच्या पायांमधल्या फटींतसुद्धा चांदी. ते मंडळाला एकदा दाखवावं म्हणून महिनाभर खिशात हिंडत होतं. धीर होत नव्हता.

शेत विल्फ स्टोथर्डचं. सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेला, मेंढ्या आणि बार्लीवर जगणारा माणूस. चहाच्या वेळी सगळे कुंपणाशी जमले. मंडळाचा म्होरक्या क्लाइव्ह, ज्याला लागोपाठ चार वर्षं 'वर्षातला उत्तम शोध' हा चषक मिळाला होता, म्हणाला,

"काय मास्तर, आज काय? झाकणच का?"

"झाकणांचा सेट पुरा होत आला असेल," दुसरा कुणीतरी.

"आता बाटल्या हुडकायला लागा, मास्तर!"

सगळे हसले. थर्मास घेऊन आलेला विल्फही हसला, पण त्याला हसणं शोभत होतं, शेत त्याचं होतं. सरांचा हात खिशात गेला तो रुमालासाठी. बाहेर आला तेव्हा त्यात प्रोबस होता.

हसणं थांबलं. ती शांतता सरांना इतकी गोड लागली की पुढचं सगळं आपोआप झालं.

"कुठे?" क्लाइव्हने विचारलं.

"तिथे... फाटकापाशी."

"किती खोल?"

"वीतभर."

विल्फने टोपी काढली. "माझ्या शेतात? रोमन?" असं म्हणून तो फाटकाकडे पाहत राहिला, जणू आत्ताच कुणीतरी तिथून बाहेर पडलं होतं.

आता मातीचं. स्केल्डबीची माती वाळूची आणि आंबट. अधूनमधून चुना खाऊ घातला तर बार्ली देते, नाहीतर नुसतं गवत. तिच्यात तांब्याचं बटण पन्नास वर्षांत हिरवं पडतं आणि त्याच्या कडा कुरतडल्या जातात. केसाहून पातळ चांदी त्या मातीत सतराशे वर्षं चकचकीत राहते म्हणणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत वर्तमानपत्र कोरडं राहिलं म्हणण्यासारखं. सरांना हे फाटकाबाहेर पडून गाडी सुरू करताना आठवलं. तोवर विल्फ तीन जणांना फोन करून मोकळा झाला होता.

सापडलेल्या वस्तूंची नोंद करायला जिल्ह्याच्या संग्रहालयात एक बाई असतात. त्या निघाल्या हेझल. सरांची विद्यार्थिनी. 'आम्ल मातीत धातूच्या वस्तू टिकत नाहीत. कारणे द्या.' ह्या प्रश्नाला तिने नववीत असं उत्तर लिहिलं होतं की सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं.

हेझलने नाणं भिंगाखाली धरलं. उलटलं. परत उलटलं.

"ह्याच शेतात, सर?"

"हो."

"विल्फच्या? फाटकापाशी?"

"हो."

"मुलामा फार छान राहिलाय."

"नशीब," सर म्हणाले.

हेझलने भिंग खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा हुशार मुलगा फळ्यापाशी अडला की सर स्वतः असे बघायचे. थोडा वेळ द्यायचे. सरांनी तो वेळ भिंतीवरचा नकाशा बघण्यात घालवला.

"बरं. मी तुम्ही सांगताय तेच लिहिते हं, सर," ती म्हणाली, आणि लिहिलं.

रिवाजाप्रमाणे शोधातला अर्धा वाटा शेतमालकाचा. नाणं काही कापता येत नाही, म्हणून ठरलं की सहा महिने विल्फकडे, सहा महिने सरांकडे. पहिली पाळी विल्फची. त्याने ते शेकोटीवरच्या फळीवर, बायकोचा फोटो आणि कुत्र्याने जिंकलेला चषक ह्यांच्या मधोमध ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. पोस्टमनला दोनदा दाखवलं. नवं कुत्र्याचं पिल्लू आणलं त्याचं नाव प्रोबस.

"मी काय म्हणतो मास्तर," तो एकदा म्हणाला, "त्याच्या खिशाला भोक असणार. त्या रोमनाच्या. माझ्याही आहे बघ. मेरी गेल्यापासून शिवायचं राहिलंय. तोही बिचारा फाटकापाशी वाकून शोधत बसला असेल."

"असेल," सर म्हणाले.

डिसेंबरात चषक सरांना मिळाला. क्लाइव्हने टाळ्या वाजवल्या त्या हातमोजे घालून.

इथवर पाप सरांचं एकट्याचं होतं. पण विल्फला मेंढ्यांना व्यायला नवी शेड बांधायची होती, त्याच फाटकाजवळ. जुनीचं छत वाऱ्याने नेलं होतं. परवानगीच्या अर्जात एक रकाना होता, 'जागेविषयी अन्य माहिती'. शहाणी माणसं तो कोरा सोडतात. विल्फने त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'इथे रोमन होते.' जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. कचेरीने हेझलच्या वहीत पाहिलं, नोंद सापडली, आणि जानेवारीत पत्र आलं: खणून पाहणी झाल्याशिवाय बांधकाम करू नये. पाहणी जमीन वाळल्यावर, एप्रिलअखेर.

मेंढ्या विणार मार्चमध्ये. त्यांना पत्र आलं नव्हतं.

विल्फ चिडला नाही, हेच वाईट. "बरोबरच आहे त्यांचं," तो म्हणाला. "आपल्या शेडखाली एखादं देऊळबिऊळ दबलं तर? निभावून नेऊ या वर्षी ताडपत्रीवर." सरांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी ताडपत्री बांधायला मदत केली. विल्फने आभार मानले.

फेब्रुवारीत एकदा सरांनी कपाटाचा तिसरा खण उघडला. प्रोबसच्या रिकाम्या भोकात, त्यांच्याच गोल चिठ्ठीवर, शर्टाचं एक पांढरं बटण बसवलेलं होतं. चिठ्ठीवर सरांच्याच अक्षरात: प्रोबस, मुलामा उत्तम, टपालाने घेतलं, आणि साल.

"बेरिल, हे काय?"

त्यांची बायको इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "भोक बरं दिसत नव्हतं," ती म्हणाली.

"कधीपासून आहे?"

"सप्टेंबरपासून. तूच तेवढा उघडत नव्हतास तो खण."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. सर सकाळी विल्फकडे गेले तर ताडपत्रीचा एक कोपरा फडफडत होता आणि विल्फ गुडघ्यांवर बसून एका कोकराला पेंढ्याने चोळत होता. शेजारी पोत्याखाली आणखी दोन होती. त्यांना चोळून उपयोग नव्हता. सरांनी ताडपत्रीचा कोपरा धरला. तासभर धरून उभे राहिले. हात बधिर झाले, पण तेवढ्याने काही फिटत नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

तिथून ते थेट संग्रहालयात गेले आणि फेब्रुवारीपासून खिशात बाळगलेली ती गोल चिठ्ठी हेझलच्या टेबलावर ठेवली. हेझलने वाचली. आश्चर्य वाटल्याचं नाटकसुद्धा केलं नाही, ते बरं झालं. नोंद रद्द करायचा कागद तिने खणातून काढला, वरच होता.

"कारण लिहावं लागेल, सर."

सरांनी लिहिलं: अनवधानाने.

हेझलने वाचून कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही ह्याला मला अर्धा गुणसुद्धा दिला नसतात."

सरांनी ते खोडून लिहिलं: लोक हसले म्हणून. मग सही केली.

"विल्फला कचेरीचं पत्र जाईल ना?" त्यांनी विचारलं. आवाजात जी आशा होती ती त्यांनाच ऐकू आली.

"सोमवारी जाईल," हेझल म्हणाली. "आज शनिवार आहे, सर."

संध्याकाळी सर विल्फच्या दारात उभे राहिले. वाक्य तोंडपाठ करून आले होते. विल्फने दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"कळलं तर तुला," तो म्हणाला. "ये. आत ये. मीच येणार होतो, पण तोंड कुठलं दाखवू?"

सरांना काही समजेना. विल्फने फळीवरून नाणं आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं. प्रोबस तपकिरी झाला होता. सूर्याचे घोडे, सूर्य, सम्राटाचा गाल, सगळं नुसतं तांबं. कानामागे तेवढी चांदीची एक रेघ.

"दर रविवारी पुसायचो, मास्तर. मेरीच्या फोटोची चौकट पुसतो ना, त्याच पॉलिशने. लोक बघायला येतात, जरा लखलखीत दिसावं म्हणून. आधी चमकलं, मग एका रविवारी फडक्यावरच सगळं आलं." त्याने हात पसरले. "सतराशे वर्षं मातीने सांभाळलं आणि मी सहा महिन्यांत घालवलं. पंधरा दिवस झोप नाही मला. अर्धं नाणं तुझं होतं रे."

ह्याच क्षणी बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. सरांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं,

"असू दे, विल्फ. होतं असं. मी नाही मनात ठेवत."

विल्फचे डोळे भरले. त्याने सरांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, मग आत जाऊन अंड्यांची एक पेटी आणली, डझनभर, आणि नको नको म्हणत असताना त्यांच्या हातात कोंबली. "मोठ्या मनाचा आहेस, मास्तर. मेरी म्हणायचीच, शाळेत एवढा एकच माणूस."

सर अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले. एका हातात अंडी, दुसऱ्यात नाणं; कडी काढायला तिसरा हात हवा होता. म्हणून ते थांबले. तेवढं थांबणं त्यांना पुरलं. नाहीतर त्या वेगाने ते घरी पोचले असते, आणि सोमवारी पत्राने उरलेलं काम केलं असतं. ते वळून परत दारापाशी आले. विल्फ अजून दारातच उभा होता.

"विल्फ, ते इथे सापडलं नव्हतं. ते मी टपालाने विकत घेतलेलं आहे. माझ्या खिशात होतं."

पिल्लू बाहेर येऊन सरांचे बूट हुंगू लागलं.

"त्या दिवशी सगळे हसले, आणि मी..." सर म्हणाले. "नोंद आज रद्द केली. शेडला अडचण नाही आता. पत्र येईल."

"शेड," विल्फ म्हणाला. पोत्याच्या दिशेने त्याने पाहिलं. मग फाटकाकडे. "म्हणजे रोमन नव्हतेच."

"नव्हते."

"तो फाटकापाशीचा. खिशाला भोक असलेला."

"नव्हता, विल्फ."

विल्फने मान हलवली. हिशेब पटल्यासारखी नाही, कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखी.

"आणि मघाशी," तो हळूच म्हणाला, "तू मला माफ केलंस."

बत्तीस वर्षांत सरांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी नाणं उंबऱ्याजवळच्या दगडावर ठेवलं, मग ते चुकीचं वाटलं म्हणून उचललं, मग अंड्यांची पेटी ठेवली.

"अंडी ने," विल्फ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ती खरी इथलीच आहेत."

त्याने शीळ घातली, पिल्लू आत गेलं आणि दार लागलं. सरांनी पेटी उचलली, नाणं दातांत धरलं आणि फाटकाची कडी नीट लावून घेतली. तांब्याची चव तोंडात घरापर्यंत राहिली.