हयात वादकांचा बँड

"जगातल्या हयात वादकांमधून सर्वश्रेष्ठ जॅझ बँड निवडायचा अधिकार या गावात फक्त एकाच माणसाला आहे!" अशी घोषणा थोरल्या डॉक्टरांनी केली. पण सॅक्सोफोनची पत्ती ओली करायला तोंडात धरलेली असल्याने ऐकणाऱ्यांना नुसतंच "ऑ ऑ हॉ" कळलं. दातांचे डॉक्टर असल्यामुळे ही भाषा त्यांच्या रोजच्या ऐकण्यातली होती. बोलायची पाळी मात्र प्रथमच आली.

पत्ती काढून त्यांनी पुन्हा सांगितलं, पण तोवर घोषणेतली हवा गेली होती.

रविवारची सकाळ होती. दवाखान्यातल्या पेशंटच्या खुर्च्या भिंतीला सारून तिघांचा बँड सरावाला जमला होता. माणसापेक्षा उंच असलेल्या डबल बासवर त्यांचे साडू, म्हणजे धाकटे डॉक्टर. हे जनावरांचे. ड्रमवर मोटार शिकवणाऱ्या बाई.

"मेलेले घ्यायचे नाहीत," थोरल्यांनी बजावलं. "मेलेल्यांचा बँड काय, कोणीही काढील. पियानोवर ती चष्मेवाली म्हातारी. ड्रमवर, बाई, तुम्हालाच घेतलं असतं, पण…"

"राहू द्या. माझे क्लास असतात."

"आणि बासवर परदेशातला तो टकल्या. दुसरा माणूसच नाही! बासवाल्याला कान लागतो हो. नुसतं वाद्याला टेकून उभं राहायचं, तर ते आमचं औषधांचं कपाटही करील."

थोरले स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले. बासला टेकून उभे असलेले धाकटेही हसले.

"आणि सॅक्सोफोनवर?" बाईंनी विचारलं.

"ती जागा मी रिकामी ठेवलीय," थोरले विनयाने म्हणाले आणि कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबले. बाई ड्रमचा स्क्रू आवळत बसल्या.

"बरं, धाकटे, आता तुमचा बँड."

"मला कुठली एवढी नावं ठाऊक? ड्रमवर बाई. सॅक्सोफोनवर थोरले." थोरल्यांची छाती फुगली. "बासवर तुमचा तो टकल्या."

"मग तुम्ही?"

"मी आपला समोर खुर्चीत. एकदा तरी तुम्हाला समोरून ऐकावं म्हणतो."

यात टोमणा असता तर थोरल्यांनी तो परतवला असता. टोमणा नव्हता, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात कोणाच्या तरी शेळीसाठी फोन आला आणि धाकटे बोलायला बाहेर गेले. बाईंनी काड्या मांडीवर ठेवल्या.

"डॉक्टर, तो टकल्या तुम्हाला पहिल्याच गाण्यात रस्त्यावर सोडून जाईल."

"म्हणजे?"

"सोलोत तुमची मोजणी चुकते. मग धाकटे आपलं आवर्तन मोडतात, मला डोळ्यांनी खुणावतात आणि तुम्ही जिथे उतराल तिथे सम मांडतात. तुम्हाला वाटतं, तुम्ही समेवर आलात. सम तुमच्याकडे येते, डॉक्टर."

थोरल्यांच्या कानशिलांना चटका बसला. समेवर आल्यावर पडणाऱ्या टाळ्या त्यांना आठवल्या. त्या घेताना आपण एक हात कसा वर करायचो, तेही आठवलं. आणि गेल्या कार्यक्रमानंतर घरी बायकोला काय सांगितलं होतं? "धाकटे मध्येच अडखळतात गं. सांभाळून घ्यावं लागतं." बायकोने ते बहिणीला सांगितलं नसेल, असं समजण्याइतके ते भोळे नव्हते.

धाकटे परत आले. वादन सुरू झालं. सोलोत थोरल्यांनी प्रथमच बासकडे कान दिला. ते भरकटले, आणि त्यांना स्पष्ट ऐकू आलं: बास थबकला, लंगड्या माणसाबरोबर चालावं तसा त्याला न कळेल इतका हळू झाला, आणि नेमका त्यांच्या पायाखाली येऊन उभा राहिला.

गाणं संपलं. थोरल्यांना कोणाकडे बघवेना.

"धाकटे, त्या टकल्याला मी काढून टाकलं. बासवर तुम्हीच. माझं चुकलं."

"अहो, खेळच तर होता!"

"नाही. काहीतरी मागा माझ्याकडे. पुढचे सगळे सोलो घ्या. बँडला तुमचं नाव देऊ. काहीही मागा."

धाकटे संकोचले. चष्मा काढून त्यांनी शर्टाला पुसला.

"एवढं म्हणताच आहात, तर… सोलो घेताना डोळे मिटता ना, ते जरा उघडे ठेवाल? मी मान हलवून सांगत असतो."