सावलीची साक्ष

परीक्षा दोन दिवसांवर आली, तरी नाटक ताईच्या डोक्यात शिरत नव्हतं. म्हणून तिने ते घरीच मोठ्याने वाचायला घेतलं. नाटकात काही पोरी एका म्हातारीला चेटकीण ठरवतात आणि बघता बघता सगळं गाव पिसाळतं. ताई किंचाळणारी पोर झाली. न्यायाधीश अर्थातच बाबा, कारण त्यांनी तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेली.

"हिची सावली मला चिमटे काढते!" ताई ओरडली.

"उजेड कुठल्या बाजूने होता?" बाबांनी विचारलं.

"अहो बाबा, असं पुस्तकात नाहीये. तुम्ही फक्त शिक्षा वाचा."

"उलटतपासणीशिवाय? जमणार नाही. आधी चिमट्याचा वळ दाखव."

ताईला हसू आवरेना. तेवढ्यात आई हात पुसत आली. "जेवण गार होतंय," म्हणत तिने पुस्तक ओढलं आणि एका दमात म्हातारीला फाशी सुनावून टाकली.

बाबा हसत ताटाकडे वळले. ताईचं हसू मात्र थांबलं. इतकं सोपं असतं हे?

पेपरात तिने तेच लिहिलं: घाबरलेल्या गावाला प्रश्न नको असतात, त्याला लवकर मोकळं व्हायचं असतं. बाईंनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. आई आठवडाभर शेजारणींना सांगत होती, "तो मुद्दा माझ्यामुळे सुचला हो तिला!"