माझं दार वेल्डरकडे होतं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे आणि मला गप्प बसता येत नाही. माझ्या डाव्या कुशीतली एक सळी ढिली आहे. जवळून कोणी नुसतं चाललं तरी ती खुळखुळते. असं अंग घेऊन स्वस्थ कसं राहायचं, तुम्हीच सांगा! तेव्हा बोलता बोलता मी कुठे भरकटलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. खिडक्यांच्या जाळ्या करून उरलेल्या सळ्यांतून त्याने मला घडवलं. नंतर मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागलो. पाय मोडलेली मांजरं, पोट बिघडलेले कुत्रे, सगळे माझ्याकडे राहून गेले. "पिंजरा भक्कम आहे हो!" असं डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि मी फुलून जायचो. पुढे तिथे घडी होणारे चकचकीत पिंजरे आले आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. माझ्यावर पायमोजे वाळत घालू लागले. पायमोजे! फार लागलं हो मनाला.

तिथून मला उचललं मामाने. मामा टेम्पो चालवतो. माणूस मनाचा चांगला, पण हाताने दणकट आणि भलताच उतावळा. त्याची ताई घरी शिवणकाम करते. ताईची मुलगी चिमणी, तिच्यासाठी मामाने एका गोदामातून कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. आणलं कसं, तर खोक्यात कोंबून, वरून चिकटपट्टी मारून! वाटभर ते खोकं टेम्पोत हिंदकळत होतं. पिल्लाने असा धसका घेतला की कपाटाचं दार लागलं तरी ते थरथरायचं.

मला खोलीत आणून ठेवलं तेव्हा त्याचंच बोलणं चाललं होतं. पिल्लाने शर्टाची गुंडी गिळली होती. ती सुखरूप बाहेर पडली, आणि पिल्लाचं नाव पडलं गुंड्या. मामा आणि चिमणी हसत होते, पण ताई हसत नव्हती.

"आज गुंडी गिळली, उद्या टाचणी गिळली म्हणजे?" ती म्हणाली. "घरभर सुया नि टाचण्या. मी घरात आहे तोवर नजर ठेवीन. पुढच्या महिन्यापासून मी कारखान्यात कामाला जाणार, ही शाळेत जाणार. मग याच्याकडे कोण बघणार?"

"म्हणून तर पिंजरा आणलाय," मामा म्हणाला.

"आणि त्यात राहिला नाही तर?"

"तर परत गोदामात सोडून येतो. दुसरं काय करणार, ताई?"

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. माझी सळी खुळखुळायला लागली. इतक्या वर्षांनी काम मिळालं, आणि तेही असं जिवावरचं!

आता ही मंडळी काय करायची ऐका. चिमणी माझ्या आत बिस्किट ठेवायची. मामा दारामागे दबा धरून बसायचा. गुंड्या हुंगत हुंगत यायचा, पुढचे दोन पाय आत टाकायचा, की लगेच आरोळी: "गेला, गेला! लाव कडी!" आणि धाडकन दार! पिल्लू जीव खाऊन ओरडायचं, सळ्या चावायचं. ते जितकं धडपडायचं तितका मी खुळखुळायचो, आणि मी खुळखुळलो की ते आणखी घाबरायचं. मग चिमणीला रडू फुटायचं आणि ती कडी काढायची. हे पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी गुंड्या मला पाहिलं की पलंगाखालीच शिरायला लागला.

एकदा मामाने त्याला उचलून सरळ आत ढकललं. ते उसळी मारून बाहेर येऊ लागलं, तसं मामाने दार असं हिसकलं की दोन्ही बिजागऱ्या तुटून दार त्याच्या हातात आलं.

"मामा! तोडलंस ना!" चिमणी ओरडली.

"जुनाच होता गं, गंजलेला," मामा म्हणाला.

गंजलेला! अरे, तुझा हात बघ आधी! पण आमचं कोण ऐकतं?

दार गेलं वेल्डरकडे. मला शिलाई मशीनशेजारी, कापड कापायच्या टेबलाखाली सरकवलं. "दार येईपर्यंत कातरण तरी टाकते यात," असं म्हणून ताई माझ्यात कापडाचे तुकडे टाकू लागली. भक्कम म्हणवणारा मी, आता कचऱ्याची टोपली झालो. वर महिना अर्ध्यावर आलेला.

एका दुपारी ताईचं मशीन धडधडत होतं. त्या आवाजात माझी खुळखुळ मलासुद्धा ऐकू येत नव्हती. गुंड्या ताईच्या पायाशी पडला होता. तो उठला. कातरणीला ताईच्या हाताचा वास होता, मशीनच्या तेलाचा होता. तो आला, हुंगलं, सरळ आत चढला, गोल फिरला आणि त्या ढिल्या सळीला पाठ टेकून झोपला. ना बिस्किट, ना आरोळी, ना ढकलाढकली!

ताईने ते पाहिलं. तिचा शर्ट शिवून संपला होता. मशीनवर कापड नव्हतं, तरी ती पायडल मारत राहिली.

गुंड्या उठून गेल्यावर तिने सगळ्या कातरणीवरून लोहचुंबक फिरवला, टाचण्या वेचून काढल्या आणि ते तुकडे खोळीत भरून छान गादी शिवली. वेल्डर दार झालं म्हणून सांगायला आला, तर ती म्हणाली, "राहू द्या हो भाऊ, अजून थोडे दिवस."

"अहो, बिनदाराचा पिंजरा काय कामाचा?" तो म्हणाला.

मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण गुंड्या रोज येत होता, पाठ टेकत होता, घोरत होता.

मग दार आलं. ताईने ते कापडाच्या पट्टीने उघडं बांधून ठेवलं. गुंड्या दाराला हुंगून माघारी फिरला. झालं, आता संपलंच, असं मला वाटलं! पण मशीन सुरू झालं आणि तो आत आला. काही दिवसांनी चिमणीने दार नुसतं टेकवलं आणि लगेच उघडलं. मग थोडं जास्त वेळ टेकवलं. कडी वाजू नये म्हणून ताईने तिला फडकं गुंडाळलं. एकदा गुंड्या केविलवाणा कुंईकुंई करू लागला, तसा मामाचा चेहरा पडला. ताई म्हणाली, "त्याचं काही चुकलं नाही. आज आपणच घाई केली. उद्या कमी वेळ ठेवू."

आणि तो दिवस आला. ताई कारखान्यात गेली, चिमणी हळूच कडी लावून शाळेत गेली. मशीन गप्प. गुंड्या उठून उभा राहिला, बंद दाराकडे बघून कुंईकुंई करू लागला. माझी सळी थरथरली. अरे, राहा रे बाबा, मी मनात म्हणत होतो, नाहीतर ते गोदाम! त्याने गादी खरवडली. गोल फिरला. पुन्हा फिरला. आणि सळीला पाठ टेकून बसला. सळी गप्प झाली. त्याला झोप लागली, पण मला कुठली लागायला? जिन्यावरचं प्रत्येक पाऊल मी ऐकत होतो.

अखेर चिमणी धावत वर आली. तिच्या मागून मामा आला. त्याच्या हातात रिकामं खोकं होतं. चिमणीने ते पाहिलं. तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

गुंड्याने एक डोळा उघडला. शेपूट हलवली. मोठी जांभई दिली आणि पुन्हा तिथेच मान टाकली.

"गुंड्या! अरे, ये ना बाहेर!" चिमणी हसत होती आणि रडतही होती.

मामा खोक्याकडे बघत उभा राहिला. "मी आपलं... लागलं तर असावं म्हणून आणलं होतं," तो पुटपुटला. मग त्याने ते पायाखाली घालून चपटं केलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं घाबरलेलं पिल्लू आलं, तर त्याला ढकलू नका, रागावून कोंडू नका. आणि माझ्यासारखा पिंजरा आणलात, तर कडी लावायची घाई तेवढी करू नका. दार असताना जे पिल्लू मला पाहून पलंगाखाली शिरायचं, ते दार नसताना आपणहून आलं.

परवा मामा म्हणाला, "ही सळी वेल्डरकडून जोडून आणू का?" चिमणीने त्याला हातही लावू दिला नाही. म्हणाली, "नको. ती जागा गुंड्याच्या पाठीची आहे."