कढी कळकली त्या दिवशी

शाळेच्या कोठीत, तुटक्या बाकांच्या मागे जो जुना पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, उपडा पडलेला दिसतो ना, मित्रांनो, तो मी. या, जवळ या. फक्त काठाला धरून ओढू नका. फरशीवर घासत नेलं की अजून अंग शहारतं, आणि आताशा माझ्याच्याने फार सोसवत नाही.

माझा जन्म भंडाऱ्यातलाच. ज्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं, त्याच्या हातोडीच्या खुणा माझ्या पोटावर आहेत, हात फिरवून पाहा. शंभर माणसांचा भात माझ्यात सहज शिजतो. एका पुराच्या वर्षी विणकर घरातल्या जानकीबाईने मला नगरपालिकेला देऊन टाकलं. काठावर तिचं नाव कोरलेलं आहे. तेव्हापासून मी सरकारी नोकर झालो. वैनगंगा चढली की मला बाहेर काढायचं, उतरली की परत कोठीत. गरज सरो, वैद्य मरो. पूर्वी याचं वाईट वाटायचं, आता तेवढीही ताकद नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, म्हणजे कथलाचा पातळ पांढरा थर. तो शाबूत असला की माझ्यात काहीही रांधा. तो झिजला की नुसता भात चालतो, आंबट चालत नाही. ताक, चिंच, टमाटर पडलं की अन्न कळकतं, उग्र वास सुटतो आणि खाणाऱ्याचं पोट बिघडतं. भांड्यांच्या या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मग तो रोग आला. पहिल्या वर्षी नगरपालिकेने याच शाळेत चूल मांडली आणि विमलाबाईला बोलावलं. ही शाळेची खिचडी शिजवणारी बाई. शहापूरच्या बाजूने महामार्गावर माणसं चालत निघाली होती, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. त्यांचा भात माझ्यात शिजला. नगरपालिकेच्या गाडीवरचा डोमा तो रस्त्यावर नेऊन वाढायचा. तेव्हा माझी कल्हई ताजी होती. रोज राख आणि काथ्याने घासून घासून ती वर्षभरात निघून गेली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात घरंच्या घरं आजारी पडली. चूल पेटवायला कोणी उरलं नाही. नगरपालिकेने घरपोच डबे सुरू केले, रोज तीनशे. आणि याच व्हरांड्यात एक टेबल टाकून मोनिका मॅडमना फोनवर बसवलं. त्या याच शाळेतल्या शिक्षिका. समोर आजाऱ्यांची यादी, कानाला फोन, आणि तेच ते प्रश्न. ताप आहे का? ऑक्सिजन किती आहे? वास येतो का? जेवलात का? दिवसातून शंभर वेळा मी ते ऐकायचो. माझे कान किटले, मॅडमचा तर गळा बसला. आणि टेबलापासून दहा पावलांवर विमलाबाई माझ्यात आधण ठेवत असायची.

कल्हईवाला गोपीचंदसुद्धा आजारी होता. त्याची गल्ली बांबू बांधून बंद केलेली. डोमा डबा द्यायला गेला तेव्हा तो खिडकीतून बोलला, आणि डोमाने आल्या आल्या निरोप दिला.

"बाई, गोपीचंद म्हणते, उठलो का कल्हई करून देतो. तवर गंजात आंबट टाकू नोको."

"मले शिकवते काय तो?" विमलाबाई हसली. "त्याले म्हणा, तू पहिले उठून बस."

असे चाळीस दिवस गेले. एकही सुट्टी नाही. शेवटच्या आठवड्यात ती भात ढवळता ढवळता थांबायची आणि माझ्या काठाला हात टेकायची. काठ तापलेला असायचा, तरी हात उचलायची नाही. मला ते कळत होतं, पण पितळेला बोलता येतं का कुठे?

फोनवर आजारी माणसं मॅडमजवळ कुरकुर करायची, तोंडाला चव नाही, काहीतरी आंबट पाठवा. चहाटपऱ्या, हॉटेलं बंद असल्यामुळे एका डेअरीवाल्याकडे दूध पडून होतं. त्याने ताकाचे चार कॅन पाठवून दिले. विमलाबाईने बेसन कालवलं, लसूण ठेचला, मोहरीची फोडणी दिली. कढी व्हायची होती अल्युमिनियमच्या पातेल्यात. पण त्या सकाळी तिचा थकलेला हात चुकून माझ्याकडे आला. ताक माझ्या उघड्या पितळेवर पडलं आणि मी मनातल्या मनात ओरडलो. तिने उकळी आणली, तळहातावर थेंब घेऊन चाखला, मान डोलावली. मला खरंच लाज वाटली. ज्या बाईला दुरूनच मीठ कमी पडल्याचं कळायचं, तिच्या नाकाखाली मी घाण करून ठेवली होती.

डोमा डबे भरायला आला. झाकण काढलं आणि दोन पावलं मागे सरला.

"बाई, कढी कळकली."

"कायची कळकली? आत्ता चाखली ना मी."

"अवो, आंगणापर्यंत वास येऊन राहिला."

"मले तं काहीच वास नाही येत."

व्हरांड्यात मोनिका मॅडमचा फोन कानावरच राहिला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. त्या उठून आल्या.

"विमलाबाई, कधीपासून वास येत नाही?"

"चार-पाच रोज झाले असन. मले वाटलं, तोंडाले बांधलं म्हणून."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं नाही न, मॅडम."

ती रागाने नव्हती म्हणाली. खरं तेच बोलली. मॅडमनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि डोमाला फक्त गाडी काढ म्हणाल्या. गाडीत डब्यांच्या जागी विमलाबाई बसली. जाताना तिला काळजी एकच, तीनशे लोक खातील काय. कढी मैदानात खड्डा करून ओतली. त्या दिवशी डब्यात भात, तिखट आणि कच्चं तेल गेलं. मॅडम दिवसभर फोन करत राहिल्या, पण वास येतो का हे विचारताना दर वेळी त्यांचा आवाज अडखळायचा.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. डोमाने येऊन हे सांगितलं तेव्हा मी चुलीवर होतो. पितळेला रडता येत नाही हे बरंच आहे.

एकोणीस दिवसांनी ती परतली, निम्मी होऊन. तोवर गोपीचंद उठला होता. त्याने मैदानात भाता लावून माझी कल्हई केली. नवसागराचा धूर निघाला तसे सगळे खोकत पळाले. विमलाबाई धुरातच उभी होती. तिचे डोळे वाहत होते, पण नाकाला काही कळत नव्हतं. ती डोमाला चाखायला लावून रांधायची.

मॅडमनी मात्र एक गोष्ट बदलली. सकाळी पहिला फोन लावायच्या आधी त्या माझ्यापाशी यायच्या.

"विमलाबाई, वास येतो का?"

"नाही, मॅडम."

"जेवलात का?"

"खाल्ली भाकर."

महिनाभर हेच चाललं. मग एका सकाळी प्रश्न विचारून झाला आणि विमलाबाईने नाक फेंदारलं. तिने मान वर केली.

"करपलं काहीतरी," ती म्हणाली. "मॅडम, भात लागला वाटते माह्या!"

ती धावली. खरंच लागला होता, माझ्या तळाला चांगला बोटभर. नव्या कल्हईवर काळा डाग पडला. कोणी तिला बोललं नाही. ती तिथेच चुलीपाशी बसली, पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा पुन्हा तो करपट वास घेत राहिली.

मित्रांनो, तो डाग अजून आहे, पाहायचा तर मला उलटवा. मीच तेवढा झिजतो असं समजू नका. तुमच्या घरी, शाळेत कोणीतरी रोज तुमच्यासाठी रांधतं, आणि तुम्ही जेवलात का हे विचारतं. एकदा तुम्हीही त्यांना विचारा. झालं माझं सांगून. आता मला पुन्हा उपडा ठेवा, थकलो.