बाटलीचं झाकण

विलास तसा खोटं बोलणारा माणूस नव्हे. केंद्र सरकारच्या एका खात्यात तीस वर्षं काढली, अंडर सेक्रेटरी झाला, पण फायलीवर कधी मागची तारीख घातली नाही. हे त्याची बायको सुनीतीसुद्धा मान्य करते, आणि ती सहजासहजी काही मान्य करणाऱ्यांतली नाही. पण माणसाचं असं असतं, तीस वर्षं सरळ वागतो आणि एका संध्याकाळी चार लोकांत एक वाक्य बोलून बसतो. विलासचं वाक्य असं होतं: "आई, किती वेळा सांगितलं, बाटलीचं झाकण नीट लावत जा."

त्याचं झालं असं. दिल्लीतली मराठी मंडळी दर वर्षी चौदा जानेवारीला पानिपतला जातात. स्मारकाला फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, संक्रांत म्हणून तिळगूळ वाटायचा आणि संध्याकाळी परत. मंडळाची बस कस्तुरबा गांधी मार्गावरून सुटते. यंदा गाडीप्रमुख विलास होता. तेवढंच असतं तर बरं, पण त्याचे साहेब, जॉइंट सेक्रेटरी, तेही मराठीच, या वेळी हौसेनं बसमध्ये आले आणि त्यांनी विलासला पहिल्या सीटवर शेजारी बसवून घेतलं. त्याचा वर्षाचा गोपनीय अहवाल हेच लिहिणार. झालं, विलास सकाळपासून हवेत.

त्याची आई भीमाबाई चौथ्या ओळीत, नात अवनीच्या शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी गुडघे फारच कुरकुरायला लागले, तेव्हा विलासनं त्यांना साताऱ्याकडच्या गावातून उचलून आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आणलं. गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, इथं सगळं हाताशी आहे, असं तो ज्याला त्याला सांगायचा. ते खरंही होतं. दवाखाना होता, औषधं होती, खाली बाग होती. फक्त गावी म्हातारी कुणाला न विचारता उंबऱ्याबाहेर पडायची, आणि इथं दोन मजले उतरायलाही सोबत लागायची.

पानिपतला बायकांच्या संडासापाशी मोठी रांग होती, आणि आत सगळं खाली बसायचं. भीमाबाईंचे गुडघे वाकत नाहीत. त्या रांगेत उभ्या राहिल्या, आत डोकावल्या आणि तशाच परत आल्या. बोलल्या नाहीत. बोलायचं कुणाला? मुलगा माइक हातात घेऊन सांगत होता, "मंडळी, सगळ्यांनी इथंच आटपून घ्या, आता गाडी थेट दिल्लीला."

समालख्याच्या आसपास अवनी सीट धरत धरत पुढे आली. सतरा वर्षांची पोर, दिल्लीत वाढलेली. तिनं वाकून हळूच सांगितलं, "बाबा, आजीला जायचंय."

"मुरथलला थांबू," विलास म्हणाला.

मुरथल आलं. ढाब्यांचे दिवे धुक्यात दिसत होते, सकाळी तिथंच सगळ्यांनी पराठे खाल्ले होते. साहेब त्यांच्या परदेशातल्या ट्रेनिंगची गोष्ट सांगत होते. मध्येच काचेतून बघून म्हणाले, "धुकं वाढतंय हं विलास, आता कुठं थांबायला नको." विलास म्हणाला, "बिल्कुल सर." ड्रायव्हर हाताच्या अंतरावर होता. एक शब्द पुरला असता.

अवनी पुन्हा आली. "बाबा, प्लीज. आजीचा चेहरा बघ ना एकदा." त्यानं बघितलं नाही. अर्ध्या तासात पोचतो म्हणाला. मग ती आली नाही. त्याला वाटलं, चला, निभावलं.

बस कस्तुरबा गांधी मार्गावर लागली, माणसं उतरली, भीमाबाई उठेनात. मंडळाच्या चिटणीस प्रमोदिनीताई हात धरायला गेल्या, "चला भीमाबाई, घर आलं," म्हणाल्या, तेव्हा त्या उठल्या. सीट ओली होती. लुगडं मागून ओलं होतं. दारात एक पाय खाली ठेवून साहेब मागं वळून बघत होते.

आता विलासनं काय करावं? आईच्या सीटसमोरच्या जाळीत तिची पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. तो मागं गेला, साहेबांना दिसू नये म्हणून पाठ आडवी घातली, झाकण फिरवलं आणि बाटली सीटवर उलटी केली. आणि मग ते वाक्य बोलला, चांगलं मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं. साहेब हसून म्हणाले, "असू दे रे, म्हाताऱ्या माणसांचं होतं असं." प्रमोदिनीताईंनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून सीटवर पसरलं. भीमाबाईंनी मुलाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि मान हलवली.

"व्हय," म्हणाल्या. "माझंच चुकलं."

घरी या गोष्टीचा शब्द निघाला नाही. सुनीती पानिपतला आलीच नव्हती, ती हळदीकुंकवाच्या गडबडीत होती, तिला कुणी सांगितलं नाही. भीमाबाईंनी जानेवारीच्या गार पाण्यात लुगडं स्वतः धुतलं आणि बाल्कनीत वाळत घातलं. अवनी बापाशी आठवडाभर कामापुरतं बोलली. विलासनं स्वतःची समजूत घातली की आपण आईची लाज राखली. असं रोज म्हटलं की पटायला लागतं.

दुसऱ्या दिवसापासून भीमाबाईंनी पाणी सोडलं. उपास धरतात तसं जाहीर करून नव्हे. सकाळचा चहा अर्धा कप, गोळीबरोबर दोन घोट, जेवताना एक, बस. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी म्हणतात ना, तशी गत. बाटली त्यांनी फडताळात ठेवून दिली. संध्याकाळी बागेत बायकांबरोबर बसायला जायच्या, तेही बंद केलं. कुणी विचारलं तर गुडघ्यांवर ढकलायच्या.

"बाबा, आजी पाणी पीत नाहीये," अवनीनं एकदा सांगितलं. पेपरमधून मान वर न काढता विलास म्हणाला, "थंडीत तहान लागत नाही गं."

मार्चमध्ये म्हातारीचं बोलणं भरकटायला लागलं. अवनीला त्या आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागल्या. भर दुपारी बाल्कनीचं दार उघडून म्हणायच्या, "चंद्रीला पाणी दावलं का रं? म्हस तान्हेली हाय." चंद्री म्हैस जाऊन चाळीस वर्षं झाली होती. सुनीती घाबरली. दिवसभर शाळेत शिकवायला जाणारी बाई, मागं म्हातारी गॅस चालू ठेवून बसली तर? तिचंही चुकत नव्हतं. दोघांनी मिळून नोएडातलं एक वृद्धनिवास शोधून काढलं. फॉर्म विलासनं भरला. आजाराच्या रकान्यात त्यानं 'स्मृतिभ्रंश' लिहिलं, सुवाच्य अक्षरात, कुठल्याही डॉक्टरला न विचारता. शनिवारी आईला तिथं दाखवायला न्यायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी भीमाबाई पलंगावरून उठताना पडल्या. अंग तापानं फणफणलं होतं.

हॉस्पिटलात दोन दिवस सलाईन चालल्यावर शनिवारी त्या शुद्धीवर आल्या आणि त्यांनी पहिलं काय विचारलं, तर अवनीची परीक्षा कधी आहे. तारीख बरोबर, पोरीचं नाव बरोबर. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, तरुण, दमलेल्या, हातात रिपोर्ट.

"माताजी को भूलने की बीमारी नहीं है," त्या म्हणाल्या. "पेशाब का इन्फेक्शन है, और शरीर में पानी ही नहीं था. इस उम्र में दिमाग पर असर ऐसे ही होता है." मग त्यांनी विलासकडे रोखून बघितलं. "घर में इनको पानी कौन देता है?"

विलासनं तोंड उघडलं. त्याच्या आधी पलंगावरून आवाज आला.

"बेटा देता है. टाइम पे देता है." दोन वर्षांत शिकलेली मोडकी हिंदी, पण ठाम. "मेरेकोच प्यास नहीं लगती."

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. इथं बोलायला हवं होतं. नाही बोलला. आपल्या पापावर आईनं पांघरूण घातलं, आणि हे बाबाजी ते अंगाभोवती लपेटून उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला, पण मेल्यासारखं होऊन काय उपयोग? सुनीती बाहेर गेली आणि तिनं फोन करून नोएडाची भेट रद्द केली.

चारच्या सुमारास प्रमोदिनीताई आल्या. पासष्टीच्या बाई, कुणाकडे काय झालं की पहिल्या हजर. त्यांनी पिशवीतून नवी कोरी स्टीलची बाटली काढली आणि भीमाबाईंच्या हातात दिली.

"तुमच्यासाठी शोधून आणली. याचं झाकण असं आहे, उलटी केली तरी थेंब सांडत नाही."

त्यांच्या मनात काही नव्हतं, बाई सरळ आहेत. भीमाबाईंनी बाटली मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. अवनी खिडकीपाशी उभी होती. तिनं बापाकडे बघितलं आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

"ताई," विलास म्हणाला. "त्या दिवशी आईनं बाटली सांडली नव्हती. झाकण घट्ट होतं. ते पाणी मी ओतलं."

सुनीती त्याच्याकडे बघत राहिली. प्रमोदिनीताईंनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पेपर मीच पसरला ना सीटवर. सासूबाईंचं सात वर्षं सगळं केलंय मी, मला कळत नाही होय? पण मी घरी जाऊन यांना सांगितलं, मुलगा असावा तर असा, आईची लाज कशी झाकली बघा."

"आईची नव्हे," विलास म्हणाला. "तिनं मला दोनदा निरोप पाठवला होता, गाडी थांबव म्हणून. साहेब शेजारी होते. मी थांबवली नाही. आणि वर तिलाच बोललो."

कुणीतरी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण तेवढी मेहेरबानीसुद्धा कुणी केली नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या भीमाबाई म्हणाल्या, "जाऊ दे रं. तुझं साहेब हुतं तिथं."

मग तो आईच्या पलंगाशी बसला. नव्या बाटलीत पाणी भरून आणलं, झाकण काढून पुढं केलं. भीमाबाईंनी बाटली हातात घेतली, पण ओठांना लावली नाही.

"हितली मोरी किती लांब हाय?" त्यांनी विचारलं.

विलास उठला. पलंगापासून वॉर्डच्या टोकापर्यंत चालत गेला, दार उघडून आत बघितलं, पावलं मोजत परत आला. शेजारच्या पलंगावरची माणसं बघत होती. बघू देत.

"बावीस पावलं, आई. बसायला कमोड आहे. धरायला दांडी आहे."

"बावीस म्हंजे लांबच की."

"मी इथंच बसून आहे. म्हणशील तेव्हा नेतो."

भीमाबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. बसमध्ये त्यानं बघितलं नव्हतं, तेवढं सगळं त्यांनी बघून घेतलं. मग तीन घोट घेतले, मोजून. घशातून पाणी उतरताना दिसत होतं, इतकी मान वाळली होती. चौथा घोट घेतला नाही. त्यांनी झाकण फिरवलं, अजून एकदा फिरवलं, बाटली चादरीवर उलटी धरली आणि थेंब पडत नाही याची खात्री करून त्याच्यापुढं केली.

"बघ रं," म्हणाल्या, "नीट लागलंय न्हवं?"