देवकाबाईनं विचारलं ते

संजीव वरठीच्या कारखान्यात क्रेन चालवायचा आणि रविवारी आपल्या घरच्या पुढच्या खोलीत प्रार्थना घ्यायचा. पंधरा-सोळा माणसं यायची. त्याचा बाप नंदलाल मोहाडीचा कोष्टी, जन्मभर मागावर बसलेला. पोरगा ख्रिस्ती झाला तेव्हापासून आठ वर्षं त्यानं त्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मग लकवा आला, उजवं अंग गेलं, आणि म्हाताऱ्याला त्याच घरात येऊन पडावं लागलं.

त्याला कूस बदलवणं, पुसणं, गू-मूत काढणं देवकाबाई करायची. दोन घरं सोडून राहायची, सकाळ-संध्याकाळ यायची. तेवढा वेळ संजीव अंगणात उभा राहायचा. तो वास त्याला सोसत नसे, आणि सोसत नाही हे त्यानं बायकोलाही, करुणालाही, कधी सांगितलं नव्हतं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी तो बोलायला उभा राहिला. त्या दिवशी शब्द छान येत होते. "देवानं वरतून नुसता हुकूम नाही पाठवला," तो म्हणाला. "तो स्वतः आला. आपल्यासारखा देह घेतला, बाईच्या पोटी जन्मला. आपलं तारण दुरून होत नव्हतं, म्हणून आला."

म्हाताऱ्याचं आटोपून देवकाबाई बादली घेऊन मधल्या दारात थांबली होती. तिनं अगदी मनापासून विचारलं, "संजीवभाऊ, मंग त्या लेकराचं गू-मूत कोन काढे जी?"

सगळे हसले. संजीवचे कान तापले.

"असं नसते विचारत, बाई. देव होता तो. त्याले असलं काही नव्हतं."

"मंग कायचा मानूस झाला तो?" देवकाबाई म्हणाली आणि बादली घेऊन मागे निघून गेली. लोक पुन्हा हसले. या वेळी संजीवही हसला.

बुधवारी देवकाबाई भाचीच्या साखरपुड्याला सिहोऱ्याला गेली. "दुपारचं तुमी पाहजा, मी दिवस बुडाच्या आत येतो," असं ती सकाळीच सांगून गेली होती. करुणा तुमसरला माहेरी होती. पहिली पाळी करून संजीव साडेतीनला घरी आला, तर दारातच वास आला.

"संजू," आतून बापानं हाक मारली. "संजू, आला का बाप्पा?"

संजीव आतल्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेला. चादर भिजली होती. म्हातारा डाव्या हातानं ती अंगावरून दूर करायला पाहत होता, आणि ती जास्तच माखत होती. संजीवनं "आलोच" म्हटलं, दार लोटलं आणि ओसरीत येऊन बसला. नाताळाला काय बोलायचं ते त्यानं वहीत लिहायला घेतलं. आता देवकाबाई येईलच, असं तो दर थोड्या वेळानं मनाशी म्हणत होता. आणखी दोनदा हाक आली. मग हाक यायची थांबली, आणि त्याला बरं वाटलं.

देवकाबाई आली तेव्हा साडेपाच झाले होते. अंगावर साखरपुड्याचं लुगडं होतं. ती पाणी तापवून आत गेली.

"अरे देवा, चामडं निंगालं न बाबा! हाक नाही का मारली तुमी?"

"संजूले नोको सांगजो वो," म्हाताऱ्याचा रडका आवाज आला. "तो देवाचं लिहत बसला असन. मीच हाक नाही मारली."

ओसरीत संजीवला वाटलं, कुणी येऊन आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आठ वर्षं त्याच्या घरचं पाणी न पिणारा बाप त्याच्यासाठी खोटं बोलत होता.

तो उठून आत गेला. "आणा, मी करतो," म्हणाला. देवकाबाईनं फडकं दिलं. दोनदा तो दाराशी जाऊन परत आला. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे घट्ट मिटून घेतले. दोघांनाही एकमेकांकडे पाहवेना.

नाताळाला त्यानं वही उघडलीच नाही. "मागच्या रविवारी मी खोटं बोललो," तो लोकांना म्हणाला. "ते लेकरू सगळ्या लेकरांसारखंच होतं. त्याची माय त्याचं सारं काढे. मले देव साफसुथरा पाहिजे होता." मग त्यानं बुधवारचं सांगितलं, दार लोटल्याचंसुद्धा. कुणी वर पाहिलं नाही. प्रार्थना कशीबशी संपली, आणि दोन घरची माणसं पुढं यायची थांबली. देवकाबाईच्या दारी जाऊन त्यानं माफी मागितली, तर ती म्हणाली, "मले काय मांगता? मी का पडून होतो दोन घंटे?"

बापाकडे माफी मागायला त्याची जीभ उचलली नाही. तो फक्त रोज पहाटे, पाळीच्या आधी, पाणी तापवू लागला. म्हातारा महिनाभर भिंतीकडेच पाहत राहिला. एका सकाळी पाठ पुसताना तो एकदम म्हणाला,

"तुले घाण वाटत असन."

"वाटते, बाबा."

"हं," म्हातारा म्हणाला. त्यानं चांगला हात संजीवच्या मनगटावर ठेवला. "पानी थंडं झालं. दुसरं आन."